वेगळी चूल

उंची साडेबावीस इंच. रुंदी पुढे तीस, मागे चोवीस.
खोली सोळा. म्हणजे विटांच्या कोनाड्याची खोली,
राहायची खोली बारा बाय अठरा,
एक खिडकी, जमिनीला डोळे लावून बसलेली,
डिसेंबरात बर्फाने बुजेल ती एप्रिलात उघडेल.

टेपचं दुसरं टोक श्रीरंगने धरलं.
तेवढ्यापुरता तो खाली आला होता.
"पकडलंय," म्हणाला. मग, "सोडू?"
सोड, म्हटलं.
टेप सर्रकन माझ्या मुठीत.

होटनच्या दुकानात सगळ्या ओळीने मांडलेल्या,
काळ्या, पाय फाकवून बसलेल्या.
एक हिरव्या इनॅमलची, लग्नाला निघाल्यासारखी.
एक शंखजिऱ्याच्या दगडाची, हाताला गार,
पण एकदा तापली की रात्रभर विसरत नाही म्हणे.
किंमत ऐकून मीच तिला विसरले.
मन गेलं मोठीवर. दार काचेचं,
दोन फुटी ओंडका आडवा मावेल असं पोट.
घ्यायचीच तर अशी घ्यावी,
आजवर सगळं निम्मं-निम्मंच तर घेतलं.

राइमो कोस्किनेन, चिमण्या झाडणारा, सत्तरी ओलांडलेला,
नखांत काजळी, कपात दूध न घातलेली कॉफी.
म्हणाला, मोठी घेशील, मग उकडेल,
मग तू तिची हवा कोंडशील.
कोंडलेली आग धुमसते.
धुमसलेलं सगळं नळीला आतून चिकटतं डांबरासारखं,
आणि एखाद्या जानेवारीत
तेच पेटतं.
लहान घे. मोकळी पेटव.

त्याला विचारायचं होतं,
एकतीस वर्षांचं डांबर कुठल्या ब्रशाने निघतं?
विचारलं नाही. पावती मागितली.

आमच्या भाषेत चिमणी म्हणजे चिमणीही,
आणि खरंच, त्याने ब्रश घातला तर आधी खाली आलं
एक घरटं, थुंकीने चिकटवलेल्या काड्यांचं,
अर्ध्या वाटीएवढं.
ते मी फडताळात ठेवलंय, हळदीच्या डब्याशेजारी.

शेवटी विचारलंच:
वर त्याची फायरप्लेस, खाली माझी,
दोन्हीचा धूर एकाच चिमणीतून जाईल ना?
राइमो हसला.
छपरावरून एकच दिसते, बाई.
आत दोन नळ्या आहेत, घर बांधलं तेव्हापासून.
मध्ये वीटभर भिंत.
दोन आगींना एक नळी दिली
की एकीचा धूर दुसरीच्या घरात शिरतो.

वेगळी चूल मांडली म्हणजे आमच्याकडे
भांडी मोजून झाली, पाटा एकाला, वरवंटा दुसऱ्याला.
आईने फोनवर एवढंच विचारलं,
"तुझं तू शिजवतेस?"
यावर शिजत नाही, आई. ही नुसती उबेपुरती.
जरा वेळ काही बोलली नाही.
"मग ती चूल नव्हे," म्हणाली,
आणि मिरच्यांच्या भावावर गेली.

आणली ती एकवीस इंच उंच, बिडाची,
चार बुटके पाय.
एकट्या माणसाला उचलत नाही.
राइमोचा भाचा पुढे, मागे श्रीरंग,
कमरेला पट्टा बांधून, चौदा पायऱ्या,
"हळू, हळू," स्वतःलाच सांगत.
कोनाड्यात सरकवली, हात झटकले,
आणि पाणीही न घेता वर गेला.

पहिली आग छोटी लावायची असते, दुसरीही,
रंग पक्का होईपर्यंत.
बर्चची साल, वर मेपलच्या ढलप्या,
दोन उन्हाळे खाल्लेल्या.
नव्या लोखंडाचा उग्र वास. खिडकी उघडली.
हवेचा खटका पुरता बाहेर ओढला.

राइमोने एक सांगितलं नव्हतं,
की सांगायची गरज त्याला वाटली नसेल:
नळी धुराला असते. उबेला नसते.
ती तक्तपोशीतून वर जाते,
कुणाला न विचारता.

दहाच्या सुमारास डोक्यावर त्याची पावलं.
सिंक, फ्रिज, परत सिंक.
मग बरोबर स्टोव्हच्या वर येऊन
थांबली.
बराच वेळ.
मोजे काढले असावेत.
पुढचा आवाज अनवाणी होता.